इंदुरात रोज सायकलने कामावर: सायकल कशी तयार करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, टिळकनगर किंवा रामबागेतून निघून पलासिया, विजयनगर किंवा सुपर कॉरिडॉर गाठायचं, म्हणजे एका बाजूने तीन ते पंधरा किलोमीटर, असं धरून ही उत्तरं लिहिली आहेत. पीथमपूरला जाणाऱ्यांनी शेवटचा प्रश्न आधी वाचावा. पैसे बेताचे असतील तर खर्चाचा क्रम असा: ब्रेक, टायर, मडगार्ड, लाइट, कॅरिअर. गियरचा नंबर सगळ्यात शेवटी. दुकानात बहुधा याच्या उलट क्रमाने माल दाखवतात.

घरात एक जुनी सायकल पडून आहे. ती चालेल की नवी घ्यावी?

फ्रेम सरळ आणि न तडकलेली असेल तर चालेल. बाकी सगळं बदलता येतं. हँडलखालची नळी जिथे दोन मोठ्या नळ्यांना जोडली आहे तो सांधा आणि पेडलच्या धुरीजवळचा सांधा फडक्याने पुसून उजेडात बघा. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि नखाला लागली, तर ती फ्रेम सोडून द्या. वरवरचा गंज काळजीचा नाही. सीटखालची नळी आतून गंजून पातळ झाली असेल तर मात्र आहे.

फ्रेम वाकलीय का हे दोरीने कळतं. मागचा एक्सेल बसतो त्या खाचेला एका बाजूने दोरी बांधा, हँडलखालच्या नळीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेला ताणून बांधा. आता सीटच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या दोरीचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर मागचं चाक कधीच पुढच्याच्या रेषेत येणार नाही आणि सायकल एका बाजूला ओढत राहील.

नवीच घ्यायची तर शॉक नसलेली, ७०० सी मापाच्या चाकांची हायब्रिड, म्हणजे रेसिंग आणि डोंगरी सायकलीच्या मधली, घ्या. मोठ्यांची काळी साधी सायकल, २८ इंची चाकं आणि सळईचे ब्रेकवाली, लोक उगाच मोडीत काढतात. सात-आठ किलोमीटरच्या सपाट वाटेला ती उत्तम आहे: मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर आणि दुहेरी स्टँड कारखान्यातूनच येतात. स्वस्तातली, मागे-पुढे दोन्हीकडे शॉक असलेली सायकल मात्र घेऊ नका. पेडल मारण्यातला जोर मागची स्प्रिंग खाते, वजन वाढतं, आणि कॅरिअर बसवायला जागाच उरत नाही.

सीट किती उंच ठेवायची? दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत ना?

नाही. दोन्ही टाचा टेकतात म्हणजे सीट खूपच खाली आहे. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुखणं इथे असतं.

अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. पायांच्या मध्ये एक जाड पुस्तक घट्ट वर ओढून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. माप ८० सेंटिमीटर आलं तर उत्तर साधारण ७०.५. पेडलच्या धुरीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर ठेवा. मग पडताळा: सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली आणि पेडल अगदी खाली आणलं की पाय जेमतेम सरळ व्हावा. पावलाचा पुढचा भाग पेडलवर आला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो.

गुडघा समोरून दुखत असेल तर सीट वर घ्या, मागून दुखत असेल तर खाली. मागून बघणाऱ्याला कंबर डावी-उजवी डोलताना दिसली तरी सीट उंच आहे. बदल एका वेळी पाच मिलिमीटरचा करा आणि दोन-तीन दिवस चालवून मग पुढचा. सिग्नलला थांबताना भीती वाटत असेल तर पहिले काही दिवस दोन सेंटिमीटर खाली ठेवायला हरकत नाही. नाहीतरी थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा असतो.

सीटपोस्टवर एक आडवी खूण कोरलेली असते. ती नळीच्या आतच राहिली पाहिजे. बाहेर दिसत असेल तर लांब सीटपोस्ट आणा, नाहीतर पोस्ट वाकेल किंवा फ्रेमचा काठ फाटेल.

हात बधिर होत असतील तर आधी सीटचं नाक बघा. ते खाली झुकलेलं असलं की अंग पुढे घसरतं आणि सगळा भार तळहातांवर येतो. सीट समतल करा, मग हँडल सीटच्या बरोबरीने किंवा दोन सेंटिमीटर वर आणा. जेलच्या जाड गाद्या पहिल्या दिवशी सुखाच्या वाटतात. अर्ध्या तासानंतर त्या दाबून नको तिथे बोचतात.

टायर कोणता आणि हवा किती?

खडबडीत गाठीचा टायर डांबर आणि सिमेंटच्या रस्त्यावर निव्वळ ओझं आहे. तो गुणगुणतो, ओढतो आणि लवकर झिजतो. २६ इंची एमटीबीला, म्हणजे डोंगरी सायकलीला, १.५ ते १.७५ इंच रुंदीचा गुळगुळीत टायर घाला, ७०० सीला ३२ ते ३८ मिलिमीटरचा. सायकल बदलल्यासारखी वाटेल. २८ पेक्षा बारीक टायर खोदकामानंतर भरलेल्या चरांवर आणि चेंबरच्या झाकणांवर हाल करतो.

टायर आणताना नुसतं ‘अठ्ठावीस’ किंवा ‘सव्वीस’ सांगू नका. टायरच्या कडेला छापलेला तीन आकडी अंक बघून जा. साध्या काळ्या सायकलीचा २८ × १½ हा ६३५ आहे आणि हायब्रिडचा ७०० सी हा ६२२. दोघांवरही ‘२८’ लिहिलेलं सापडतं, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. तसंच २६ × १.९५ म्हणजे ५५९ आणि २६ × १⅜ म्हणजे ५९०.

सत्तर किलोच्या आसपासचा माणूस आणि मागे पाच-सहा किलोची बॅग असेल तर सुरुवात इथून करा. २६ × १.९५ ला पुढे ३८-४० आणि मागे ४५ पीएसआय (पंपाच्या मीटरवरचं हवेच्या दाबाचं माप). ७०० × ३५ ला पुढे ५०, मागे ६०. ७०० × २८ ला पुढे ७०, मागे ८०. साध्या २८ × १½ ला पुढे ४०, मागे ५०. दर दहा किलो वजनामागे चार-पाच पीएसआय कमी-जास्त, पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीच नाही. मागे नेहमी जास्त, कारण निम्म्याहून अधिक भार मागच्या चाकावर असतो.

अंगठ्याने दाबून हवा कळत नाही. ४० आणि ६० दोन्ही कडकच लागतात. मीटरचा पायपंप घ्या, या सगळ्या खरेदीत सर्वांत लवकर वसूल होणारी वस्तू तीच. साध्या सायकलीच्या वॉल्व्हट्यूबवाल्या वॉल्व्हमध्ये मात्र मीटर खरा आकडा दाखवत नाही, कारण आतलं रबर हवा उलट येऊ देत नाही. रिमला तोच वॉल्व्ह ठेवण्याची सक्ती नाही: पुढच्या वेळी ट्यूब बदलताना मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हची घ्या आणि रिमचं भोक ८.५ मिलिमीटरचं करून त्याची धार कानशीने मोडा.

पेट्रोलपंपावरच्या कंप्रेसरने भरायची वेळ आली तर हँडल क्षणभर दाबा, सोडा, बघा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते जराशी, दोन सेकंदांत टायर रिमवरून उडतो.

पंक्चर सारखं होतं. काय चुकतंय?

भोक कुठे पडलंय त्यावर उत्तर आहे, म्हणून ट्यूब काढण्याआधी टायरवर वॉल्व्हच्या समोर खडूने खूण करा. ट्यूब आणि टायर पुन्हा तसेच एकमेकांशेजारी ठेवले की कारण दिसतं.

बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर काटा, काच किंवा तार. शहर स्वच्छतेत कितीही वेळा पहिलं येवो, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक पोलादी तार बायपासवर आणि देवास नाक्याकडे पडलेली असतेच. ती टायरमध्ये रुतून बसते, बोटाला लागत नाही, आणि पॅच मारला की दुसऱ्या दिवशी शेजारीच नवं भोक पाडते. टायर आतून कापसाच्या बोळ्याने पुसा. तार असेल तिथे कापूस अडकेल. मग पक्कडीने उपटा. रिकाम्या प्लॉटांच्या कडेने जाणाऱ्यांना बाभळीचा काटा आणि सराटा भेटतो, त्याचीही तीच तऱ्हा.

जवळजवळ दोन समांतर भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमने चिमटली. काटे शोधत बसू नका, हवा भरा. भोक आतल्या, रिमकडच्या अंगाला असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय आणि चाकाच्या तारांच्या (स्पोकच्या) निपलची टोकं टोचताहेत. वॉल्व्हच्या मुळाशी फाटत असेल तर कमी हवेवर ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतोय आणि वॉल्व्ह तिरका ओढतोय. अशी ट्यूब टिकणार नाही, बदला.

पॅच निघून येतात ते घाईमुळे. ट्यूब पॅचपेक्षा मोठ्या जागी घासा, पुसा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि पाच मिनिटं थांबा. चकाकी जाऊन थर कोरडा दिसला की मगच पॅच ठेवून दाबा. ओल्यावर चिकटवलेला पॅच उन्हात सुटतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात डांबरावर उभी सायकल भरपूर तापते.

सतत त्रास असेल तर आत पंक्चररोधक पट्टा असलेले टायर घ्या. ते जरा जड चालतात. सिलंटही चालतं, दर ट्यूबला ६० ते ९० मिलिलिटर, पण जाड वॉल्व्हच्या ट्यूबमध्ये. वॉल्व्हट्यूबचं रबर त्याने चिकटून बसतं.

ब्रेकमध्ये काय बघायचं?

लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलपासून निदान दोन बोटं लांब राहिला पाहिजे. वायरचा एकही धागा लिव्हरजवळ तुटलेला दिसला तर आतली वायर आजच बदला. स्वस्त असते, आणि तुटते ती नेमकी जोरात दाबताना. बाहेरची केबलही ब्रेकची वेगळी आणि गियरची वेगळी. ब्रेकच्या केबलमध्ये पट्टी गोल गुंडाळलेली असते, गियरच्या केबलमध्ये तारा लांबीला समांतर असतात. गियरची केबल ब्रेकला लावली तर जोराच्या दाबाने ती फाटू शकते. मिस्त्री घाईत हाताला येईल ती लावतो, म्हणून कापण्याआधी बघून घ्या.

क्रोमच्या चकचकीत लोखंडी रिमवर पावसात रबरी ब्रेक जवळजवळ घसरतोच. साध्या सायकलीवर पावसाळा काढायचा असेल तर उपाय दोन: ॲल्युमिनियमची रिम तारा घालून बसवून घेणे, किंवा पावसात दुप्पट अंतर ठेवून, ब्रेक आधी हलकेच लावून रिम पुसून घेत चालवणे. दुसरा फुकट आहे, पण सवय लागेपर्यंत जपून.

व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून दाबणारा केबलचा ब्रेक) किंचाळत असेल तर रबरी गुटक्याचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल आणि मागचं सुमारे एक मिलिमीटर लांब राहील असा तो तिरका बसवा. मागच्या टोकाखाली पोस्टकार्डाची जाड घडी ठेवून नट आवळला की माप आपोआप येतं. डिस्क ब्रेकच्या पॅडवर अर्ध्या मिलिमीटरहून कमी मसाला उरला की बदला. चेनवर स्प्रे मारताना डिस्कवर फडकं टाका. तेलाचा थेंब लागलेला पॅड पुसून सुधारत नाही.

गियर हवेतच का?

इंदूर पठारावर आहे. शास्त्री पूल, पटेल पूल आणि नवे उड्डाणपूल सोडले तर चढ म्हणावा असा फारसा नाही. त्रास देतो तो वारा. मे-जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की सुपर कॉरिडॉरच्या उघड्यावर विमानतळाच्या दिशेने जाणं हा न दिसणारा घाटच असतो. तिकडे रोज जायचं असेल तर मागे सात-आठ गियर पुरतात, पुढे एकच दात-चक्र ठेवलं तरी चालतं. तीन-बाय-आठमधले (पुढे तीन, मागे आठ) निम्मे गियर कोणी वापरत नाही.

साध्या सायकलीला बहुधा पुढे ४४ आणि मागे १८ दात असतात. ओझं घेऊन पुलावर जड जात असेल तर मागचं फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दात-चक्र) २० किंवा २२ दातांचं बसवून घ्या. काम अर्ध्या तासाचं. २२ लावलं तर जुन्याच चेनवर एक्सेल खाचेत सुमारे अर्धा इंच पुढे येतो. तेवढी जागा नसेल तर चेनमध्ये एक इंच, म्हणजे आत-बाहेरच्या कड्यांची एक जोडी, वाढवावी लागते. मडगार्ड आणि ब्रेकही मग तपासा.

पेडल मारताना फ्रीव्हील मध्येच रिकामं फिरत असेल तर आतले कुत्रे (एकाच दिशेने धरणारे खटके) झिजलेत किंवा जुन्या ग्रीसने चिकटलेत. रॉकेलने धुऊन पातळ तेल दिल्यावरही सुटत असेल तर नवं घ्या. भर चौकात उभं राहून जोर लावताना ते सुटलं तर तोंडावर पडायची वेळ येते.

मडगार्ड लावावेत का? त्याने सायकल जुनाट दिसते.

दिसू दे. चार महिने पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ऑफिसात जाण्यापेक्षा बरं. सीटपोस्टला अडकवायची छोटी पट्टी पाठ वाचवते, पण पाय, चेन आणि पुढचे बेअरिंग नाही. पूर्ण लांबीचेच घ्या, टायरपेक्षा आठ-दहा मिलिमीटर रुंद. पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबरी झालर जमिनीपासून वीतभरापेक्षा कमी उंचीपर्यंत आणा. बूट कोरडे राहतात ते तिच्यामुळे. झालर जुन्या ट्यूबची कापली तरी चालते.

टायर आणि मडगार्डमध्ये पक्क्या रस्त्यासाठी १०-१५ मिलिमीटर फट पुरते. पण नव्या कॉलनीत राहत असाल आणि शेवटचे दोनशे मीटर कच्चे असतील तर २०-२५ ठेवा. माळव्याची काळी माती भिजली की टायरला चिकटून वर जाते, मडगार्डमध्ये ठासून बसते आणि चाक जागच्या जागी जाम होतं. असं झालं तर पेडल मारून सोडवू नका, तारा ताणतात. काडीने खरवडा. त्या पट्ट्यात सायकल उचलून चालणं हेच खरं तर सगळ्यात जलद.

लॅपटॉप आणि डबा कसा न्यायचा?

पाठीवर नको. पाठ भिजते आणि पाच किलो मणक्यावर बसतात. कॅरिअरवर बाजूला लटकणारी बॅग घ्या.

कॅरिअर ज्या फ्रेमवर बसवायचं तिथे मागच्या खाचेजवळ आणि सीटखाली एम५ चे (५ मिलिमीटर बोल्टचे) आटे आहेत का बघा. नसतील तर रबरी अस्तराच्या पट्टी-क्लॅम्पने बसतं, मात्र कार्बनच्या फ्रेमवर ते करू नये. बोल्टचा आटा आतपर्यंत पूर्ण धरला पाहिजे. डिस्कचा कॅलिपर आड येत असेल तर स्पेसर घालून तेवढाच लांब बोल्ट लावा. स्प्रिंग वायसर किंवा निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) वापरा. पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण रंग दबतो आणि एक-दोन ढिले होतातच. सर्वसाधारण कॅरिअर २५ किलो सांगतात; रोजच्या ओझ्याला ते खूप आहे, पण त्यावर माणूस बसवू नका.

बॅग लावून पेडल मागे फिरवा. टाच बॅगला लागली तर बॅगेचे हूक मागे सरकवा. लॅपटॉप बाहेरच्या अंगाला नाही, आतल्या, कॅरिअरला चिकटलेल्या कप्प्यात उभा. तळाशी दोन सेंटिमीटर फोम, कारण खड्ड्याचा दणका खालून येतो. डबा दुसऱ्या बाजूला किंवा वेगळ्या पिशवीत. आमटी नेणाऱ्यांनी झाकणाची रबरी रिंग दर काही महिन्यांनी बदलावी. पोहे सुरक्षित, शेव वेगळी न्यावी.

बॅगेचा किंवा रबरी दोरीचा कुठलाही पट्टा लोंबकळता ठेवू नका. तारांत गेला की मागचं चाक लॉक होतं. साडी किंवा ओढणी नेसून चालवणाऱ्यांनी मागच्या चाकाला जाळी आणि पूर्ण चेनकव्हर लावून घ्यावं.

लाइट किती ल्युमेनचा?

दिव्यांच्या रस्त्यावर १००-१५० पुरतो, कारण तिथे आपण दिसायचं असतं. अंधाऱ्या पट्ट्यासाठी ३०० ते ४००. त्याहून तीव्र लाइट सरळ समोर रोखला तर समोरून येणारा आंधळा होऊन आपल्याच अंगावर येतो, म्हणून प्रकाशाचा मध्य सहा ते आठ मीटरवर जमिनीला लागेल असा झुकवा. मागचा लाल लाइट कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावा. सीटपोस्टवरचा बॅगेने झाकला जातो. मडगार्डवर आणि पेडलवर परावर्तक पट्टी. पेडलची वर-खाली हलणारी पिवळी खूण लांबूनही सायकल म्हणून ओळखू येते. घंटा लावा, पण रिक्षात गाणं चालू असेल तर ती ऐकू येईल ही आशा ठेवू नका.

चेनला कोणतं तेल? जुनं इंजिन ऑइल चालतं का?

नाही. त्यात धातूचा कीस आणि काजळी असते. खोबरेल गोठतं, मोहरीचं चिकटतं. शिलाई मशीनचं तेल पातळ आहे, कोरड्या दिवसांत चालतं पण लवकर उडतं. गंज सोडवायचा निळा-पिवळा स्प्रे साफसफाईला ठीक, तेल म्हणून टिकत नाही. सायकलच्या चेनसाठीचं तेल दोन प्रकारचं मिळतं: उन्हाळ्या-हिवाळ्याला कोरडं, पावसाळ्याला ओलं.

पद्धत महत्त्वाची. आधी चेन पुसा, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं वीस-तीस वेळा फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि धूळ-तेलाची ती पेस्टच चेन खाते. भिजून आल्यावर सायकल तशीच उभी करू नका: चेन पुसून त्याच संध्याकाळी तेल. सकाळपर्यंत थांबलात तर कडी केशरी झालेली दिसतात.

झीज मोजायला साधी पोलादी पट्टी पुरते. नव्या चेनची बारा पूर्ण कडी (आतलं-बाहेरचं मिळून एक), पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत, बरोबर १२ इंच. १/१६ इंच वाढ दिसली की बदला. १/८ इंचापर्यंत ओढलंत तर मागचे दातही गेले असतील आणि नवी चेन त्यांच्यावर उडी मारेल.

पावसात आणखी काय?

पेडलच्या धुरीच्या खाली फ्रेमला छोटं भोक असतं, ते तारेने मोकळं ठेवा. पाणी सीटच्या नळीतून आत येतं आणि तिथे साचतं. साचलेल्या पाण्यात चाकाचा मध्य बुडेल एवढं खोल जाऊ नका. हबमधलं ग्रीस धुऊन निघतं, आणि चेंबरचं झाकण उघडं आहे का हे पाण्याखाली दिसत नाही. पाँचोपेक्षा दोन भागांचा रेनकोट बरा, पाँचो वाऱ्याने शिडासारखा फुगतो. रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं सरळ ओलांडा, त्यांच्यावर वळू नका.

आणि उन्हाळ्यात? ऑफिसात आंघोळीची सोय नाही.

आठच्या आत पोहोचा. शर्ट आणि टॉवेल आठवड्याचे एकदम ऑफिसात नेऊन ठेवा, सायकलवर सुती किंवा पातळ खेळाचा टीशर्ट घाला, पोहोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसा आणि मग ओल्या रुमालाने अंग पुसून कपडे बदला. आधी बदललेत तर नवा शर्टही भिजतो. बाटली एक लिटरची. दुपारी दोन ते पाच परतीचा बेत असेल तर एप्रिल-मेमध्ये सायकल तिथेच ठेवून सिटी बस पकडा. संध्याकाळी मात्र माळव्याची हवा सात नंतर सुसह्य होते.

मिस्त्रीकडे काय सांगायचं?

‘सर्व्हिसिंग करा’ म्हटलं की धुऊन, तेल मारून परत मिळते. कामं नावाने सांगा: दोन्ही चाकांचा आऊट (डगमग) काढणे, हब खोलून छर्रे आणि ग्रीस बदलणे, धुरीची आणि हँडलची कटोरी (छर्रे बसतात ती वाटी) तपासणे. बहुतेक सायकलींत मागच्या हबला पाव इंची छर्रे, दर बाजूला नऊ. पुढच्याला ३/१६ इंची, दर बाजूला दहा. जुने-नवे छर्रे मिसळू देऊ नका, मोठा असेल त्याच्यावरच सगळा भार येतो. कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात त्या निमुळत्या नटावर) खड्डे पडले असतील तर नुसते छर्रे बदलून उपयोग नाही.

मागच्या चाकाच्या तारा वरचेवर तुटत असतील तर एक-एक बदलत बसू नका. सगळ्या ढिल्या असल्याने त्या थकतात. चाक पूर्ण ताणून घ्या.

घरी मात्र हे ठेवा: ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की, १५ मिलिमीटरचा पान्हा, दोन टायर लिव्हर, पॅचचा डबा, पंप. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. दोन्ही पेडल पुढच्या दिशेने फिरवलं की आवळतात.

कुलूप?

डी आकाराचं, मागच्या रिमला आणि फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाला धरून, न हलणाऱ्या खांबाला. पातळ केबल तारकापूने सेकंदांत तुटते. ती पुढच्या चाकापुरती ठेवा. सीट आणि चाकांचे झटपट सुटणारे लिव्हर काढून ॲलन बोल्ट बसवा. बेसमेंटच्या पार्किंगमध्येसुद्धा लाइट काढून खिशात.

इलेक्ट्रिक किट बसवावी का? पीथमपूर रोज जमेल?

जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास किलोमीटर होतात. नुसत्या पायांवर ते फार थोड्यांना रोज जमतं, किटवर जमतं. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर. पेडल मारत चालवलं तर किलोमीटरला दहा-बारा वॉट-अवर धरा, म्हणजे तीसेक किलोमीटर. याचा अर्थ कामावर चार्जिंगची सोय लागणारच. दोन अँपिअरच्या चार्जरला पाच-सहा तास लागतात, शिफ्टमध्ये बसतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २५० वॉटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी कमाल वेगाची मोटर असेल, आणि बाकीच्या अटी पाळल्या असतील, तर ती सायकल मोटार वाहनात गणली जात नाही. दुकानात ३५० किंवा ५०० वॉटची किट आग्रहाने देतात. ती लावली की ही सवलत गेली.

पुढच्या चाकात मोटर बसवायची असेल तर चिमटा (पुढचं चाक धरणारा फ्रेमचा भाग) लोखंडीच हवा आणि टॉर्क आर्म, म्हणजे एक्सेल फिरू न देणारी पट्टी, लावलीच पाहिजे. ॲल्युमिनियमच्या शॉकवाल्या चिमट्याच्या खाचा मोटरच्या उलट जोराने फाटतात आणि चाक निसटतं. मागच्या मोटरला खाचांमधलं अंतर १३५ मिलिमीटर लागतं, एका दात-चक्राच्या साध्या सायकलीत ते कमी असतं. सळईच्या ब्रेकला ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच बसत नाही, म्हणून आधी केबलचे ब्रेक लावून घ्या. बॅटरी खालच्या तिरक्या नळीवर बांधा, कॅरिअरवर नको. वजन उंच आणि मागे गेलं की वळणावर मागची बाजू डोलते.

उन्हात उभ्या सायकलीवर बॅटरी ठेवू नका, काढून आत न्या. तापलेली असेल तर अर्धा तास थंड होऊ द्या, मगच चार्जरला लावा.